जायचे कोणाला होते?

डिसेंबर २०२२ मध्ये आमच्या शेजारच्या अक्कलकोट तालुक्यातल्या अकरा ग्रामपंचायतींनी ठराव केले. रस्ते, पाणी, वीज देता येत नसेल तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या, असा त्यांचा अर्थ. वाचकांना ती बातमी आठवत असेल. त्या आधी नोव्हेंबरात कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सांगलीच्या जत तालुक्यातल्या गावांवर हक्क सांगितला होता आणि लगोलग अक्कलकोट आणि सोलापूरचेही नाव घेतले होते. इकडून देवेंद्र फडणवीसांनी उत्तर दिले, की एकही गाव जाणार नाही. त्यानंतर महिनाभर दोन्ही बाजूंना गाड्या अडवणे, काळे फासणे, पुतळे जाळणे चालू राहिले. टीव्हीवाल्यांच्या गाड्या आमच्या कुंभारीवरून धूळ उडवत अक्कलकोटकडे जात. ज्या रस्त्यांसाठी ठराव झाले होते त्याच रस्त्यांवर या गाड्यांची चाके रुतली, एवढे मात्र आम्ही नातेवाइकांकडून ऐकले आणि थोडे हसलोही.

आम्ही राहतो ते कुंभारी सोलापूरच्या वेशीबाहेर, अक्कलकोट रस्त्यावर. तालुका दक्षिण सोलापूर. विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीमुळे आणि आता तीस हजार घरांच्या रे नगरमुळे हे नाव बाहेरच्यांनाही माहीत झाले आहे. आमच्या गल्लीत एका बाजूला तेलुगू, समोर कन्नड, दुकानात मराठी आणि घरात आपली दखनी चालते. शाळेत आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. एखादा मुलगा निबंधात एका ओळीत तीन भाषा घालतो तेव्हा लाल पेन कुठे फिरवावा हे बी. एड.च्या दोन्ही जाड पुस्तकांत आम्हाला सापडलेले नाही.

तर त्या ठरावांबद्दल. मुंबईत बसून त्यावर बोलणाऱ्यांनी दोनच प्रकारची माणसे पाहिली, गद्दार नाहीतर भोळी. बंगळुरूत बसून बोलणाऱ्यांना ती आपली हरवलेली भावंडे वाटली. ठराव करणाऱ्यांपैकी काही जण आमच्या नात्यातले आहेत, त्यांच्या ताटात आम्ही जेवलो आहोत. ते या तिन्हींपैकी कोणी नव्हते.

आमच्या खालाचे सासर तिकडे, सरहद्दीला लागून असलेल्या एका खेड्यात. गावाचे नाव लिहीत नाही, कारण त्या गावाला नावाने आधीच पुरेसा त्रास झाला आहे. मुख्य रस्त्यापासून गाव चार-साडेचार किलोमीटर आत. पावसाळ्यात मधला ओढा आला की एस.टी. फाट्यावरूनच परत फिरते. खालाच्या मोठ्या सुनेला दिवस भरले तेव्हा तिला बाजेवर घालून फाट्यापर्यंत आणले होते. बाळ आणि आई सुखरूप राहिली, अल्लाहचे उपकार. पण त्या रात्रीपासून खालाच्या धाकट्या मुलाने डोक्यात एक हिशेब धरला. ओढ्याच्या आपल्या बाजूला खडी, आणि पलीकडे दोन कोसांवर कर्नाटकात डांबर. पलीकडे पेट्रोल स्वस्त. पलीकडच्या पाहुण्याच्या मोटारीला वीज, आपल्या मोटारीला रात्रीची पाळी. भीमेचे पाणी दोन्ही राज्यांच्या मधून वाहते. एकरूखच्या उपसा योजनेचे पाणी येणार, येणार म्हणत इकडे एक पिढी म्हातारी झाली. ग्रामसभेत ठराव वाचला गेला तेव्हा त्याने हात वर केला. खाला नंतर आम्हाला म्हणाली, "बेटा, उसको कर्नाटक नै होना था. उसको रस्ता होना था."

त्या हिवाळ्यात ही एकट्या अक्कलकोटची गोष्ट नव्हती. जतच्या गावांनी पाण्यासाठी असा ठराव दहा वर्षांपूर्वीच केला होता, तोच जुना कागद बोम्मईंनी बाहेर काढला. नाशिककडच्या सुरगाण्यातली माणसे गुजरातेत जाऊ म्हणाली. नांदेडच्या सीमेवरची गावे तेलंगणाकडे बोट दाखवत होती. नकाशा हातात घेऊन बघा, महाराष्ट्राच्या कडेकडेने एकच सूर निघत होता. भाषा सगळ्यांची वेगळी, तक्रार एक. जतला तर गंमतच झाली. कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी तिकोंडीच्या तलावात येऊन पडले आणि मग आपल्या सरकारलाही म्हैसाळच्या विस्ताराची घाई झाली. गावकऱ्यांनी यातून जे शिकायचे ते शिकले: अर्ज केला तर पोच मिळते, आणि 'जातो' म्हटले तर मंत्री मिळतो.

हे शिक्षण आम्हाला आवडलेले नाही. पण ते दिले कोणी, हेही विचारायला हवे.

अक्कलकोटच्या ग्रामपंचायतींना प्रशासनाकडून नोटिसा गेल्या. ठराव का केला, खुलासा द्या. बहुतेकांनी ठराव मागे घेतले. खालाच्या गावातही संध्याकाळी चावडीवर पुन्हा बसून उलटा कागद लिहिला गेला. हे ऐकताना आम्हाला बेळगाव आठवले. २००५ साली बेळगाव महानगरपालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला तेव्हा कर्नाटक सरकारने ती महापालिकाच बरखास्त केली होती. आपल्याकडे त्यावर केवढा संताप झाला, आणि तो रास्तच होता. लोकांनी निवडून दिलेल्या सभेने शांतपणे एक इच्छा लिहून काढली, त्याबद्दल शिक्षा कशी होऊ शकते, असे आपण सगळे विचारत होतो. मग सतरा वर्षांनी तोच प्रश्न अक्कलकोटच्या सरपंचांसाठी विचारणारा आवाज का निघाला नाही? बेळगावच्या मराठी माणसाचे दुःख खरे आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून उचलून त्याला म्हैसूर राज्यात टाकले, त्याला कोणी विचारले नाही, म्हणून तो दरवर्षी त्या तारखेला काळी पट्टी बांधतो. पण न विचारता ठेवणे आणि न विचारता नेणे, यांत आम्हाला फार अंतर दिसत नाही.

त्याच तारखेला आमच्या नानीच्या माहेरीही राज्य बदलले. नानी आळंदची, लाडले मशायख दर्ग्याच्या गावची. तिच्या लहानपणी आळंद निजामाच्या राज्यात, सोलापूर इंग्रजांच्या आणि अक्कलकोट भोसले राजांच्या संस्थानात. बैलगाडीच्या दोन दिवसांच्या वाटेत तीन सरकारे. आळंदहून सोलापूरला यायचे तर हाली शिक्का बदलून कलदार रुपया घ्यावा लागे आणि वाटेत करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडी सोडून दाखवावी लागत. कोणा नातेवाइकाच्या लग्नात नवरीच्या जोड्यावर जकात मागितली म्हणून बायकांनी नाक्यावरच ठिय्या दिला होता, ही गोष्ट नानी रंगवून सांगायची. जकातवाला शेवटी पानाचा विडा घेऊन गेला म्हणे.

१९४८ बद्दल मात्र ती रंगवून काही सांगत नसे. १३ सप्टेंबरला फौजा सोलापूरकडून नळदुर्गच्या दिशेने निघाल्या, पाच दिवसांत निजामाचे राज्य संपले. ती तेव्हा तेराएक वर्षांची होती. रझाकारांनी आधी काय केले आणि नंतरच्या आठवड्यांत गावोगावच्या साध्या मुसलमान घरांवर काय गुदरले, हे आता पुस्तकांत आले आहे. पंडित सुंदरलाल यांच्या समितीचा अहवालही बरीच वर्षे दडून राहून शेवटी लोकांसमोर आला. नानी एवढेच म्हणायची की आम्ही चाळीस दिवस दुसऱ्यांच्या घरात होतो. ज्यांच्या घरात होतो ते लिंगायत होते, आणि त्यांच्या घरी ईदचा शिरखुर्मा मामूंच्या हयातीपर्यंत जात राहिला. यापुढे तिने तोंड उघडले नाही आणि आम्हीही खोदून विचारले नाही.

मग ती लग्न होऊन अक्कलकोटकडे आली, म्हणजे मुंबई राज्यात. आठ वर्षांनी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबईत, तेलंगण आंध्रात, आणि गुलबर्गा, बिदर, रायचूर म्हैसूरमध्ये. नानीचे थोरले भाऊ, आमचे मोठे मामूजान, महसूल खात्यात कारकून होते. उर्दूत शिकलेले, उर्दूत दप्तर लिहिणारे, अक्षर मोत्यासारखे. राज्य बदलले आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाला कन्नडची पाटी हातात घ्यावी लागली. ते मुलीच्या पुस्तकातून रात्री कंदिलाजवळ कन्नड मुळाक्षरे गिरवायचे आणि ती नऊ वर्षांची पोर त्यांचे कान पकडायची. खात्याची परीक्षा ते तिसऱ्या खेपेला पास झाले. तोपर्यंत त्यांच्या हाताखालचे दोघे पुढे गेले होते. त्यांना कन्नडचा राग नव्हता; पुढे ते अक्कमहादेवीची वचने म्हणून दाखवायचे. राग होता तो या गोष्टीचा, की एका सकाळी त्यांची आयुष्यभराची विद्या जुन्या नाण्यासारखी झाली आणि ती बदलून द्यायला कुठेही खिडकी उघडी नव्हती.

म्हणून खालाच्या मुलाने हात वर केल्याचे ऐकले तेव्हा आम्हाला आधी मामूजानचा कंदील दिसला.

कायद्याने त्या ठरावांना किंमत काहीच नव्हती. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा. राष्ट्रपती संबंधित विधानसभांचे मत मागवतात, पण ते मतही संसदेवर बंधनकारक नाही. ग्रामपंचायत या साखळीत कुठेच बसत नाही. आणि या आमच्या पट्ट्यावर तर जुनाच कागद पडून आहे. १९६६ साली नेमलेल्या न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन आयोगाने पुढल्या वर्षी अहवाल दिला, त्यात बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हटले आणि अक्कलकोट तालुका, तसेच दक्षिण सोलापूर आणि जतमधली गावे तिकडे द्या म्हटले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तो अजून तिथेच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावून निकालापर्यंत कोणी दावे करू नका असे सांगितले. २२ तारखेला कर्नाटकच्या विधिमंडळाने बेळगावात ठराव केला, २७ तारखेला आपल्या विधिमंडळाने नागपुरात ८६५ गावांचा ठराव केला, दोन्ही एकमताने. एका महिन्यात दोन राज्यांनी आणि अकरा ग्रामपंचायतींनी ठराव केले. त्यांपैकी फक्त ग्रामपंचायतींकडे खुलासा मागितला गेला.

दहावीच्या एका मुलाने तेव्हा वर्गात विचारले, "सर, इंग्लंड बाहेर पडले तसे आपले गाव का नाही पडू शकत?" प्रश्न वरवर पोरकट वाटला तरी आम्ही त्यावर एक तास दिला. ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ ला सार्वमत झाले. ५२ टक्के लोकांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचे म्हटले, ४८ टक्क्यांनी राहायचे. प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडले. त्यांच्याकडे विचारण्याची पद्धत होती, हे कबूल करायला हवे. पण कॉर्नवॉल नावाचा त्यांचा एक कोपरा आहे, गरीब, कडेला पडलेला, थोडासा आपल्या अक्कलकोटसारखा. युरोपकडून त्याला विकासाचा बराच पैसा मिळत असे. तिथल्या लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले, आणि निकाल लागताच तिथल्या कौन्सिलने लंडनकडे हमी मागितली की युरोपचा थांबणारा पैसा तुम्ही भरून द्याल ना. वर्गात हशा पिकला. स्कॉटलंडने राहायचे म्हटले होते, तरी ते ओढले गेले. उत्तर आयर्लंडच्या शेतकऱ्याचे घर एका बाजूला आणि गुरांचे रान दुसऱ्या बाजूला, त्याला कोणत्या कागदावर दूध विकायचे यावर अनेक वर्षे वाटाघाटी झाल्या. २०१९ मध्ये साठ लाखांवर लोकांनी निर्णय रद्द करा म्हणून सह्या केल्या, त्याने काही बदलले नाही. त्या मुलाचे समाधान झाले नाही. तो म्हणाला, "पण सर, त्यांना रस्ता होता." आम्ही खडू खाली ठेवला. याच्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

या सगळ्या गदारोळात आमच्या आळंदच्या मामूंच्या नातीचा निकाह डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ठरलेला होता. कर्नाटकात जाणाऱ्या एस.टी. बंद. तिकडच्या गाड्याही येईनात. जीप ठरवली तर ड्रायव्हर म्हणाला, "एम.एच. तेरा पाटी घेऊन मी पलीकडे जाणार नाही, काच कोण भरून देणार?" शेवटी वागदरीच्या पुढे सरहद्दीपर्यंत एम.एच. तेरा आणि पलीकडून के.ए. बत्तीस, अशी व्यवस्था झाली. मधल्या तुकड्यात आम्ही चालत होतो. पुढे आम्ही हातात मेव्याची टोपली घेऊन, मागे खाला, भावजय, तिची दोन मुले, आणि सगळ्यात मागे खालाचा तोच मुलगा डोक्यावर नवरीच्या कपड्यांची बॅग घेऊन. दोन्ही बाजूंचे पोलीस ओळखीचे हसले. कोणी अडवले नाही. फक्त खाला मुलाकडे वळून म्हणाली, "देख, तेरा ठराव. पैदल जा रा." तो काही बोलला नाही.

लग्नाच्या घरीही चर्चा तीच. आळंदचे पाहुणे कौतुकाने म्हणत होते, या की तुम्ही सगळे इकडे. एकाने ३७१-जे ची आठवण काढली. कलबुर्गी, बिदर वगैरे जिल्ह्यांना घटनेच्या या कलमामुळे शिक्षणात आणि नोकऱ्यांत राखीव जागा मिळतात, मुले डॉक्टर-इंजिनिअर होतात, हे खरे आहे. खालाच्या मुलाचे डोळे चमकले. पण ती तरतूद जुन्या हैदराबाद-कर्नाटक भागासाठी आहे. अक्कलकोट कधी निजामाचे नव्हते. ते तिकडे गेलेच तर त्याला हा लाभ आपोआप कसा मिळेल? नवीन घरात शेवटी आलेल्या सुनेला आधीच्या वाटण्या लागू होत नाहीत.

खरा प्रश्न मात्र त्या रात्री बायकांच्या खोलीतून आला, आणि तो विचारला खालाच्या नातीने. ती तेव्हा अकरावीला, अक्कलकोटच्या कॉलेजात जायची. बुरखा घालून जाते, वर्गात नकाब काढून ओढणीने डोके झाकून बसते, यात कोणाला कधी वेगळे काही वाटले नव्हते. आळंदकडची तिच्या वयाची मामेबहीण मात्र फेब्रुवारीपासून घरी होती. ५ फेब्रुवारी २०२२ ला कर्नाटक सरकारचा गणवेशाचा आदेश निघाला, १५ मार्चला तिथल्या उच्च न्यायालयाने तो उचलून धरला, आणि सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबरला दोन न्यायमूर्तींची मते दोन दिशांना गेली. आदेश तसाच राहिला. त्या मुलीच्या वडिलांनी, काही दिवस थांबू, म्हणत म्हणत वर्ष घालवले. दोघी मेंदीचे हात सुकवत बसल्या होत्या. नातीने तिथूनच आपल्या चाच्याला हाक मारून विचारले, "चाचा, ठराव पास हुआ तो मेरा कॉलेज किदर जाएगा?"

ग्रामसभेत रस्ता मोजला होता, विजेचे तास मोजले होते, पेट्रोलचे रुपये मोजले होते. ही मोजणी कोणी केली नव्हती. हिजाब घालावा की नाही यावर आपल्यातही मते आहेत, असू देत. या मासिकातही ती येऊन गेली असतील. आमचे म्हणणे एवढेच, की जी मुलगी सकाळी सातच्या गाडीने कॉलेजात जाते तिचे शिक्षण कोणत्या सरकारच्या कोणत्या आदेशाखाली जाईल, हे ठरवणाऱ्या सभेत तिला कोणी बोलावले नव्हते. चाचा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "इसका तो सोच्याच नै था मैं." आम्हाला त्याचे कौतुक वाटले. टीव्हीवर महिनाभर बोलणाऱ्यांपैकी एकानेही असे म्हटल्याचे आम्ही ऐकले नाही.

आमच्या घरी तर सरहद्द स्वयंपाकघरातच आहे. धाकटी भावजय कलबुर्गीची. पिंजारी बिरादरीचे दाखले दोन्ही राज्यांत मिळतात, पण तिकडचा दाखला इकडे चालत नाही. ती जन्मली तिकडे, शिकली तिकडे, आणि जातीचा फायदा ज्या राज्यात मूळ आहे तिथेच. लग्नाने माणूस येतो, मूळ येत नाही, असे तिला एका कचेरीतल्या बाबूने सांगितले. तिच्या मुलांचा दाखला बापाच्या बाजूने, १९६७ पूर्वीचा पुरावा लावून निघाला. त्यासाठी आम्ही अब्बांच्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला मोडीच्या जाणकाराकडून वाचून घेतला. आता विचार करा, उद्या तालुकाच पलीकडे गेला तर ही सगळी कागदपत्रे उलटी होतील. मुले इथली परकी, भावजय तिथली घरची. शिवाय तिथला हिशेब वेगळा. कर्नाटकात मुसलमानांना २-बी प्रवर्गात चार टक्के आहेत. मार्च २०२३ मध्ये त्याच सरकारने ते काढण्याचा निर्णय घेतला आणि सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर अंमल थांबला. म्हणजे ठरावानंतर चार महिन्यांच्या आत ती ओसरीही हलू लागली होती. आपल्याकडे मुसलमानांच्या आरक्षणाचे २०१४ नंतर काय झाले ते वाचकांना सांगायला नको. कुठले छप्पर गळत नाही, असा शोध घेऊन घर बदलायचे तर माणसाने तंबूतच राहावे.

त्यात पुन्हा दोन्ही सरकारांनी बायकांसाठी योजना काढल्या आणि कुंभारीच्या थांब्यावर सीमाप्रश्नाची नवी शाळा भरली. मार्च २०२३ पासून आपल्या लाल गाडीत बायकांना अर्धे तिकीट. जूनपासून कर्नाटकात 'शक्ती' योजनेत बिनतिकिटाचा प्रवास, पण तिथल्या आधार कार्डावर. तिकडे गृहलक्ष्मीचे दोन हजार, इकडे लाडक्या बहिणीचे दीड हजार. भावजय माहेरी जाते तेव्हा सरहद्दीपर्यंत अर्धे तिकीट, आणि पुढे तिच्या अम्मीला शून्य रुपयाचे तिकीट, हिला पूर्ण. एकाच बाकावर आई-मुलगी. "अम्मी कर्नाटक की, मैं पराई," असे म्हणून ती हसते. थांब्यावरच्या विडी वळणाऱ्या बायका मात्र हिशेबाला पक्क्या. त्यांतली एक तेलुगू आजी म्हणाली, दीड हजार आणि अर्धे तिकीट एकीकडे, दोन हजार आणि फुकट गाडी एकीकडे, पण गाडी आलीच पाहिजे ना. त्या दिवशी साडेनऊची गाडी आली नव्हती.

ठराव मागे घेतल्यानंतर खालाच्या गावात अधिकारी आले, मोजमाप झाले, पुढाऱ्यांनी फोटो काढले. डांबर ओढ्यापर्यंत आले आहे. ओढ्यापलीकडचा दीड किलोमीटर तुकडा अजून खडीचा. पुलाचे काम कागदावर मंजूर आहे असे सांगतात. कन्नड शाळेतली मास्तरांची एक जागा रिकामी होती, ती अजून रिकामी आहे. बालभारती कन्नडमध्येही पुस्तके छापते, पण पुस्तक शिकवायला माणूस लागतो. खालाच्या मुलाला आम्ही विचारले, पुन्हा तसा ठराव आला तर? तो म्हणाला, हात वर करण्याआधी घरी विचारीन. मग थोडे थांबून म्हणाला, "पर गुस्सा गया नै है."

त्याचा गुस्सा जावा असे आम्हालाही वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्या गावच्या बायकांनी बचत गटाच्या बैठकीत ठरवले, की पुढाऱ्यांकडे जायचे नाही, एस.टी.च्या आगाराकडे आणि तहसीलकडे सरळ अर्ज करायचा. सकाळी सातची गाडी ओढ्यापर्यंत तरी रोज यावी आणि संध्याकाळी साडेपाचला कॉलेज सुटल्यावर परत मिळावी, एवढीच मागणी. खालाच्या नातीने कन्नडमध्ये मसुदा केला, कारण बैठकीत बहुतेक कन्नड बोलणाऱ्या होत्या. ती आता बी.ए.ला आहे. मराठी अर्ज आम्ही लिहून दिला, दोन पाने, कर्नाटकाचे नाव न घेता. तीन प्रती काढल्या. खाली सह्या मराठीत आहेत, कन्नडमध्ये आहेत, पाच-सहा उर्दूत आहेत आणि उरलेले अंगठे. तहसीलच्या खिडकीवरच्या कारकुनाने उर्दू सह्यांकडे पाहून ही नावे कोणाची म्हणून विचारले, तेव्हा नातीने एकेक वाचून दाखवले आणि त्याने प्रत्येकापुढे पेन्सिलीने मराठीत नाव लिहून घेतले. शिक्का मारलेली पोच खालाने कुराणशरीफच्या वरच्या फळीवर ठेवली आहे. सकाळची गाडी जूनपासून येते. संध्याकाळच्या गाडीसाठी नात दुसरा अर्ज लिहीत आहे.